व्हायरस 'उलटला' की 'पुन्हा लागला'?

प्रश्नकर्ता: सुरक्षा-नियमावलीचं मराठी करतोय. साफ केलेल्या यंत्रात मालवेअर (संगणकात घुसणारा घातक प्रोग्रॅम) परत येतो, त्याला मी 'पुनर्संसर्ग' लिहिलं. ज्यांच्यासाठी लिहितोय ते म्हणाले, हे वाचून आम्ही आधी मास्क शोधू. बोलीतला शब्द आहे का?

बोलीप्रेमी: 'उलटणं' आहे की! ताप उतरून माणूस हिंडूफिरू लागतो आणि चार दिवसांत पुन्हा अंथरूण धरतो, तेव्हा आपण ताप उलटला म्हणतो. तसाच व्हायरस उलटला.

यंत्रणावाला: शब्द झकास, पण सरसकट वापरू नका. उलटणं आणि पुन्हा लागणं ही दोन वेगळी दुखणी आहेत.

मागे एका यंत्रावर अँटीव्हायरसने फाइल क्वारंटाइनमध्ये, म्हणजे वेगळ्या कोंडून ठेवायच्या जागी टाकली, स्कॅन स्वच्छ. रीस्टार्ट केलं तर तीच फाइल, तेच फोल्डर, तेच नाव. ठरल्या वेळी प्रोग्रॅम आपोआप सुरू करणाऱ्या टास्क शेड्यूलरमध्ये एक नोंद राहून गेली होती. नाव इतकं साळसूद की अपडेटचीच वाटावी, आणि लॉगिन झालं की ती फाइल पुन्हा उतरवून घ्यायची. हे उलटणं, मूळ आतच होतं.

याउलट यंत्र खरंच साफ झालं आणि कुणी तोच पेनड्राइव्ह परत खुपसला, तर ती 'पुन्हा लागण'. २००८ मधल्या कॉन्फिकर नावाच्या मालवेअरने लोकांना असंच दमवलं. विंडोजमधली खोट, पेनड्राइव्ह, कच्चे पासवर्ड, सगळ्या वाटांनी यायचा. एक यंत्र पुसेपर्यंत शेजारच्यातून परत हजर. खोट बुजवणारा पॅच ऑक्टोबरमध्येच आला होता, कॉन्फिकर दिसला नोव्हेंबरमध्ये!

उलटण्यावर उपाय म्हणजे शेड्यूलर, स्टार्टअप, रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही), सर्व्हिसेस खणून काढणं. लागणीवर पॅच आणि पॉलिसी.

प्रश्नकर्ता: पॉलिसीला 'धोरण' आणि एंडपॉइंटला 'अंत्यबिंदू' चालेल?

बोलीप्रेमी: अंत्यबिंदू भूमितीच्या वहीत राहू द्या. लॅपटॉप, डेस्कटॉप, फोन असं सरळ लिहा.

यंत्रणावाला: आणि धोरण 'आखतात', पॉलिसी 'लावतात', क्रियापदच फरक सांगतं. अनोळखी प्रोग्रॅम चालू द्यायचे नाहीत, हे धोरण. पेनड्राइव्हवरून काहीच सुरू न होणं, रोजच्या खात्याला ॲडमिनचे हक्क नसणं, हे सर्व्हरवरून प्रत्येक यंत्रावर उतरतं. त्याला मी 'निर्बंध' म्हणेन.

बोलीप्रेमी: जाता जाता: लॅटिनमध्ये व्हायरस म्हणजे विषच, आणि दोन्ही शब्दांचं मूळ एक. त्यामुळे 'विषाणू'ला नाकं मुरडू नका. 'उच्चाटन' मात्र टाळा, तो मांत्रिकांचा शब्द. (काही यंत्रांना तोच लागतो म्हणा.)

प्रश्नकर्ता: मग असं लिहितो: 'मालवेअर काढल्यावर तो उलटू नये म्हणून आपोआप सुरू होणाऱ्या नोंदी तपासा, पुन्हा लागण होऊ नये म्हणून निर्बंध लावा.'

यंत्रणावाला: सुरुवातीला 'यंत्र नेटवर्कपासून तोडा' घाला. नाहीतर साफ करता करताच लागण व्हायची.