उष्ण-दमट हवेत, फक्त दिवसा वापरायच्या वाचनालयाला जाड भिंती घालाव्यात का?

नमस्कार मंडळी, थोडी मदत हवी आहे.

समुद्राकाठच्या वस्तीसाठी छोटं वाचनालय आखतेय. हवा उष्ण-दमट, पाऊस तिरका, वातानुकूलन नाही. हवामानाला धरून बांधायचं म्हटलं की जो तो जाड भिंती, मधला चौक आणि जाळ्या सुचवतो. पण जाड भिंतींचं गणित कोरड्या प्रदेशातलं. तिथे दिवसा-रात्रीच्या तापमानात १५ अंशांचाही फरक पडतो, म्हणून तापलेली भिंत रात्री निवते. इथे फरक जेमतेम ५-६ अंशांचा, आणि रात्री भिंतीची धग आतच उतरते. घरासाठी तर हे नकोच.

वाचनालय मात्र संध्याकाळी बंद होतं. धग उतरली तरी आत कोणी नसतं. मग वरच्या झडपा रात्रभर उघड्या ठेवल्या तर जाड भिंत दुपारी उपयोगी पडेल का? की पातळ भिंत, खूप पुढे आलेलं छप्पर आणि आरपार वारा हेच बरं? शिवाय रात्रीची दमट हवा आत घेतली तर पुस्तकांना बुरशी लागेल, ही धास्ती आहेच.

छपरासाठी डोळ्यासमोर वास्तुविशारद फ्रान्सिस केरे यांची बुर्किना फासोमधली गांदोची शाळा (२००१) आहे. मातीच्या विटांचं सच्छिद्र छत, त्यावर मोकळी जागा सोडून उचलून धरलेला पत्रा. आतली गरम हवा छिद्रांतून वर निघून जाते. प्रदेश कोरडा असला तरी ही युक्ती दमट हवेतही चालावी असं वाटतं. पण मुसळधार पावसात पत्र्याखाली वाचता येईल का? आवाज कशाने कमी होतो?

सगळ्यात जास्त अडलेय ते लोकांच्या पसंतीपाशी. वस्तीला सपाट स्लॅब हवाय, उतरतं छप्पर त्यांना गरिबीचं वाटतं. इजिप्तमध्ये वास्तुविशारद हसन फथींनी १९४० च्या दशकात कच्च्या विटांच्या, घुमटांच्या घरांचं ‘नवं गुर्ना’ हे गाव बांधलं, पण बरेच लोक तिथे राहायला गेलेच नाहीत. कारणं अनेक होती. घुमट म्हणजे थडगं ही भावना त्यांतलंच एक मानलं जातं. त्यामुळे माझा हट्ट त्यांच्यावर लादायचा नाहीये. तुम्ही असं काम केलं असेल तर लोकांशी बोलणं नकाशावर केलंत, मॉडेलवर, की आधी एखादी खोली बांधून दाखवलीत?

आणि जवळच्या जुन्या जाड भिंतींच्या इमारतीत तापमान-आर्द्रतेच्या नोंदी ठेवायच्या असतील तर कोणत्या ऋतूत आणि किती दिवस ठेवू? दमट हवेतल्या प्रत्यक्ष नोंदी कुणाकडे असतील तर नक्की द्या.