राजीनाम्यावर सही मागताहेत, वकील आत्ताच करू का?

फोंडेकर: कुंडईच्या कारखान्यात ९ वर्षे पॅकिंगला आहे. सोमवारी ऑफिसात बोलावून टाईप केलेला राजीनामा पुढे ठेवला. खाली तारीख कोरी. पत्रात माझा हुद्दा ‘सुपरवायझर’, म्हणून कामगार कायदा लागू नाही म्हणतात. मी तर दिवसभर खोकी भरतो. काय करू?

म्हापशाची ताई: दादा, सही करू नका! हुद्द्याच्या नावावर काही ठरत नाही, प्रत्यक्ष काम काय ते बघतात. शिफ्टचे कागद, पगारस्लिपा, व्हॉट्सॲपवरचे हुकूम आजच जपून ठेवा.

माझ्या नवऱ्याला २०१९ मध्ये असंच काढलं. पणजीला पाटोवर श्रमशक्ती भवनात, कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज दिला. तेव्हाच्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात समेटाच्या बैठकीत वकील चालत नव्हता. युनियनचे काका शेजारी बसले. पुढे कामगार न्यायालयात वकिलाला समोरच्यांची संमती आणि न्यायालयाची परवानगी लागायची. कंपनीच्या वकिलाला आम्ही संमती दिली नाही, तेव्हा कुठे बरोबरीनं बोलता आलं. आता त्या कायद्याच्या जागी नवीन औद्योगिक संबंध संहिता आली आहे, म्हणून आधी कामगार खटले चालवणाऱ्या वकिलाला कागद दाखवाच.

फोंडेकर: आणि ग्रॅच्युइटी?

म्हापशाची ताई: ५ वर्षे भरली म्हणजे हक्क आहे. शेवटचा मासिक पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले ९. राजीनामा दिला तरी ती बुडत नाही, पण नोकरीवरचा दावा कमजोर होतो. म्हणून सांगते, सही नको.

फोंडेकर: उद्या सकाळच्या कदंबा बसनं पणजीला जातो.