मुन्नारला पक्ष्यांची ध्वनिमुद्रित साद वाजवावी का?

गोदाकाठ:
नाशिकहून आमचा गट जानेवारीत मुन्नारला निघाला आहे. तिथल्या वाटाड्याने स्पीकरवर पक्ष्यांची साद वाजवून फोटोची हमी दिली आहे आणि गटातील निम्म्या मंडळींना ती हवीच आहे. माझा याला ठाम विरोध आहे. साद ऐकून पक्षी उघड्यावर येतो तो हद्दीत दुसरा नर घुसला या समजुतीने. न दिसणाऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या शोधात तो फांदीफांदीवर भिरभिरतो, चारा टिपणे सोडतो आणि शिकारी पक्ष्याच्या नजरेतही येतो. त्यातही पांढऱ्या पोटाची शोलाकिली हा छोटा पक्षी सह्याद्रीतील पालघाट खिंडीच्या दक्षिणेकडील उंच डोंगरांखेरीज जगात कोठेही नाही. चहाच्या मळ्यांनी वेढलेल्या शोलावनाच्या, म्हणजे उंच डोंगरांतल्या सदाहरित रानाच्या, तुकड्यातून ती हुसकली गेली, तर जाणार कोठे?

दुर्बीणवाला:
तुमची तळमळ रास्त आहे, पण सरसकट बंदी मला पटत नाही. शोलाकिली दाट झुडपात जमिनीलगत वावरते. तिच्यासाठी दहा माणसांनी ओढ्याकाठचे नेचे तुडवत आत शिरण्यापेक्षा वाटेवर उभे राहून वीस सेकंद साद वाजवणे आणि पक्षी दिसताच थांबणे कमी त्रासाचे आहे. शिवाय जानेवारी हा तिच्या विणीचा हंगाम नव्हे. फोटोंचे मोलही कमी लेखू नका. १८८४ नंतर हरवलेला रानपिंगळा १९९७ मध्ये शहाद्याजवळ सापडला, तेव्हा छायाचित्रांचाच पुरावा कामी आला. आणि पक्षी दाखवता आला नाही, तर त्या वाटाड्याला पुढच्या वर्षी कोण बोलावणार?

निफाडकर:
वीस सेकंद एका गटाचे असतात, दादा. हंगामात त्याच वळणावर गटामागून गट थांबतात आणि पक्ष्याची सकाळ त्यातच जाते. आमच्या नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात मनोऱ्यावर गप्प बसले की पक्षी आपणहून जवळ येतात.

दुर्बीणवाला:
नांदूरमध्यमेश्वरचे उघडे पाणी आणि शोलाची गच्च झाडी यांची तुलना होत नाही. गटामागून गट थांबतात हे मात्र खरे आहे. त्यावर वनखात्याने जागेनुसार मर्यादा घालावी, एवढेच मी मान्य करतो.

गोदाकाठ:
मर्यादा येईपर्यंत थांबण्याची माझी तयारी नाही. वाटाड्याच्या पोटाचा तुमचा मुद्दा मात्र मला टाळता येत नाही, म्हणून आजच त्याला फोन करून सांगितले: स्पीकर आणू नका, शोलाकिली दिसो वा न दिसो, ठरलेले पैसे पूर्ण मिळतील.