सीटीएबी वाढवल्यावर गारगोटीवर थेंब पुन्हा का पसरतो?

प्रयोगवही:
एम.एस्सी.चा प्रोजेक्ट चालू आहे. गारगोटीची घासून गुळगुळीत केलेली चकती सीटीएबीच्या (साबणासारखं एक रसायन) द्रावणात बुडवून ठेवते, मग तिच्यावर पाण्याचा थेंब सोडून त्याच्या कडेचा चकतीशी होणारा कोन मोजते. स्वच्छ चकतीवर थेंब टिकतच नाही, पसरतो. ०.०५ मिलीमोलर तीव्रतेला छान उभा राहिला, कोन ६० अंशांच्या आसपास. जास्त घातलं की अजून वाढेल असं वाटलं, तर २ मिलीमोलरला पुन्हा सपाट! तीनदा केलं, तेच. माझं काही चुकतंय का?

खाणवाला:
नाही गं, तुझं बरोबर आहे. पीएच २ च्या वर गारगोटीच्या अंगावर ऋण भार असतो. सीटीएबीच्या रेणूचं डोकं धन, ते तिला चिकटतं आणि १६ कार्बनची शेपटी पाण्याकडे राहते. शेपट्यांना पाणी नको, म्हणून थेंब उभा. त्या वाढल्या की एकमेकींना धरून पुंजके करतात. गॉडिन आणि फ्युरस्टेनाऊ यांनी १९५५ साली हेमिमिसेलची कल्पना मांडली ती हीच. पण ०.९ मिलीमोलरच्या आसपास द्रावणातही मिसेल, म्हणजे शेपट्या आत घेतलेले रेणूंचे गोळे, होऊ लागतात, आणि तोवर चकतीवर दुसरा थर उलटा बसलेला असतो. शेपटीला शेपटी, डोकी बाहेर. डोक्यांना पाणी हवंच असतं.

मी लोहखनिजाच्या फ्लोटेशन प्लांटात, म्हणजे बुडबुड्यांच्या फेसाने खनिजं वेगळी करतात तिथे, २२ वर्षं काढली. तिथे सीटीएबीच्या जागी अमाइन, तेही धन डोक्याचंच, आणि सोबतीला मक्याच्या स्टार्चची खळ. पीएच १० ला गारगोटी ऋण, हेमटाइट हे लोहखनिजही ऋण. अमाइन दोघांनाही धरणार, मग वेगळं काय होणार? म्हणून आधी कॉस्टिक सोडा घालून शिजवलेली खळ सोडायची. स्टार्चच्या लांब साखळ्या लोहाच्या जागा पकडतात, गारगोटीला फारशा शिवत नाहीत. साखळ्यांवरचे हायड्रॉक्सिल पाणी धरून ठेवतात, त्यामुळे हेमटाइट ओलं राहून खाली, गारगोटी फेसाबरोबर वर.

एका रात्रपाळीत खळ कच्ची राहिली. चिमटीत घेतली तर गुठळ्या लागत होत्या. तासाभरात पांढुरका फेस विटकरी झाला, बोट बुडवलं तर नखापर्यंत लाल. चांगलं खनिज फेसातून वाहून चाललं होतं. त्यानंतर खळ हातात घेऊन पाहिल्याशिवाय मी अमाइनचा व्हॉल्व्ह उघडू दिला नाही. क्रमही तोच ठेवायचा, आधी खळ, मग अमाइन.

लॅबताई:
काकांनी सांगितलंच आहे, मोजणीबद्दल एक. २ मिलीमोलरची चकती पाण्याखाली धरलीस का? वरचा थर सैल असतो, धुतला की निघतो आणि कोन पुन्हा वाढतो. धुणं एकदा केलं, एकदा नाही, तर आकडे जुळणार नाहीत. त्यापेक्षा चकती द्रावणातच ठेव आणि खालून हवेचा बुडबुडा चिकटव. फ्लोटेशनमध्ये बुडबुडाच खनिजाला भेटतो, थेंब नाही. आणि चकती चिमट्यानेच धर, बोटाचा तेलकटपणाही कोन देतो.

प्रयोगवही:
काका, ताई, आज बुडबुड्याने केलं. ०.०५ ला बुडबुडा घट्ट चिकटला, चकती तिरकी केली तरी हलेना. २ ला टेकला आणि घरंगळत कडेला निघून गेला. उद्या हेमटाइटची चकती घेते, आधी खळीत, मग अमाइनमध्ये. काका, खळ किती वेळ शिजवू?

खाणवाला:
वेळेवर जाऊ नकोस. दुधी रंग जाऊन पारदर्शक झाली आणि चमच्यावरून सलग धार पडली की उतरव. रोज ताजी कर, शिळी वापरू नकोस.