जुनी विंडोज नव्या एसएसडीवर जशीच्या तशी कशी न्यायची?

मंडळी, मदत हवी आहे. कोल्हापूरच्या मार्केट यार्डात आमची गुळाची अडत आहे. दुकानातल्या कॉम्प्युटरची १ टीबीची हार्ड डिस्क चार दिवसांपासून टकटक आवाज करतेय. वडिलांनी ५०० जीबीची सॅटा एसएसडी आणून दिलीय. विंडोज १० नव्याने टाकायची नाही. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स त्याच इन्स्टॉलेशनला बांधलेलं आहे आणि ते बसवून देणारा माणूस आता फोनच उचलत नाही. शेतकऱ्यांच्या सगळ्या पट्ट्या (मालविक्रीच्या हिशेबाच्या पावत्या) त्यातच आहेत. त्यांचा बॅकअप मात्र पेन ड्राइव्हवर घेतलाय.

भरलेली जागा जेमतेम १८० जीबी. पण क्लोनझिला या डिस्कची हुबेहूब नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरला नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी लागते. म्हणून डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह लहान करायला गेलो, तर तो निम्म्याच्या खाली येईना. हायबरनेशन आणि पेजफाइल यांच्या जागेवरून न हलणाऱ्या मोठ्या फाइल्स आड येत असतील, तर ते दोन्ही बंद करून जमेल का? शिवाय डिस्कच्या अगदी शेवटी रिकव्हरी पार्टिशन (विंडोज दुरुस्तीसाठी राखलेला भाग) आहे, ते आधी डिस्कच्या सुरुवातीच्या बाजूला सरकवावं लागेल ना?

मुख्य भीती वेगळीच आहे. आवाज करणाऱ्या डिस्कवर पार्टिशनची ओढाताण करणं धोक्याचं वाटतं. आधी बाहेरच्या डिस्कवर पूर्ण इमेज (अख्ख्या डिस्कची प्रत) घेऊ का? डिस्क एमबीआर (पार्टिशन मांडण्याच्या जुन्या पद्धतीची) आहे, तशीच ठेवली तर चालेल ना?

ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया सांगा. दिवाळीपासून गुळाची आवक वाढते, त्याआधी हे व्हायला हवं.