जुन्या नाट्यगृहात ऐकलेला रॉक आणि तिथे काढलेले फोटो : आपापले अनुभव लिहा

सातरस्ता :

घराला रंग द्यायचा म्हणून गेल्या आठवड्यात माळ्यावरचे सामान खाली काढले, तेव्हा बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात निगेटिव्हच्या सहा पट्ट्या सापडल्या. पहिली पट्टी खिडकीच्या उजेडात धरताच पांढऱ्या केसांचा, काळ्या चेहऱ्याचा एक गिटारवादक दिसला आणि १९९३ सालची एक सबंध रात्र डोळ्यांपुढे उभी राहिली.

मुंबईत धोबी तलावाला, झेवियर्स महाविद्यालयाला लागून रंगभवन नावाचे उघड्यावरचे नाट्यगृह आहे. १९७८ मध्ये ‘जॅझ यात्रा’ हा जॅझ संगीताचा महोत्सव पहिल्यांदा तिथेच झाला आणि १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा रॉक महोत्सवही तिथे भरू लागला. कॅसेटवर ऐकलेले बँड प्रत्यक्ष ऐकायला मिळणार म्हणून मी आणि माझा मावसभाऊ सोलापूरहून रात्रीच्या गाडीने, जनरलच्या डब्यात उभे राहून गेलो होतो. आईला मी ‘रंगभवनात कार्यक्रम आहे’ एवढेच सांगितले. सोलापुरात रंगभवन म्हटले की आपल्याच रंगभवन चौकाची आठवण येणार. ते मुंबईचे रंगभवन आहे हे तिला गाडी सुटल्यावर धाकट्या भावाकडून कळले. त्या रात्री ती झोपली नाही, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

कॅमेरा काकांचा होता, रशियन झेनिट, पुढे ५८ मिलिमीटरची लेन्स. रोल ४०० चा कृष्णधवल होता (हा आकडा फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील आहे ते सांगतो) आणि उजेड कमी म्हणून तो १६०० चा समजून वापरायचा, असे काकांनी बजावले होते. संध्याकाळी पाऊस येऊन गेला होता. लेन्स सदऱ्याच्या टोकाने पुसली, तिचे छिद्र पूर्ण उघडले आणि शटरचा वेग १/६० सेकंद ठेवला, तरी हात थरथरत होता. माझ्या पुढे उभ्या असलेल्या एका अनोळखी मुलाने मागे वळून हे पाहिले आणि काही न बोलता स्वतःचा खांदा थोपटून दाखवला. मी कॅमेरा त्याच्या खांद्यावर टेकवला. मी बटण दाबेपर्यंत तो प्रत्येक वेळी श्वास रोखून उभा राहत होता. त्याचे नाव मी विचारले नाही.

छत्तीसच्या छत्तीस फोटोंत रंगमंच आहे. गिटार, ड्रम, माइक, घामाने ओले झालेले चेहरे, सगळे आहे. ज्या जागेसाठी आम्ही इतके लांब गेलो, त्या रंगभवनाचा मात्र एकही फोटो नाही. पुढे तिथले असे कार्यक्रम बंद झाले. माझ्या मुलाने परवा पट्ट्या पाहिल्या आणि ‘बाबा, ते थिएटर आतून कसे होते?’ असे विचारले, तेव्हा त्याला दाखवायला माझ्याजवळ काही नव्हते. म्हणून हा धागा काढला आहे. आपल्यापैकी कुणी जुन्या नाट्यगृहात असा कार्यक्रम ऐकला असेल, फोटो काढले असतील, तर कृपया लिहावे.

कृष्णधवल :

मी सोलापुरात सव्वीस वर्षे स्टुडिओ चालवला आणि असे रोल पुष्कळ धुतले. तुम्ही स्वतःला लावून घेतलेला दोष थोडा हलका करावा म्हणून लिहितो. ४०० चा रोल १६०० वर वापरला की फिल्मवर गरजेच्या चौथाई प्रकाश पडतो. मग डेव्हलपरमध्ये, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या रसायनात, तो जास्त वेळ ठेवून ती कसर भरून काढायची. परंतु जादा वेळ ठेवल्याने उजळ भाग तेवढे वर येतात. अंधाऱ्या भागावर मुळात प्रकाशच पोहोचलेला नसतो, त्यामुळे तिथे कितीही वेळ दिला तरी काही उमटत नाही. तुम्ही कॅमेरा मागे वळवून रंगभवनाचे दहा फोटो काढले असते, तरी त्या दहाही चौकटी बहुधा कोऱ्या काचेसारख्या निघाल्या असत्या.

तो रोल कुणी सोलापुरात धुतला असेल तर त्याचे मला फार कौतुक वाटते. डेव्हलपरच्या वेळेचे तक्ते २० अंशांसाठी केलेली असतात आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो, नळाचे पाणीही कोमट येते. मी रसायनांच्या बाटल्या बर्फाच्या परातीत ठेवून, थर्मामीटर बुडवून, पारा विसावर येण्याची वाट पाहत बसत असे. एक रसायन गार आणि पुढचे गरम झाले तर फिल्मवरचा जिलेटिनचा थर सुरकुततो आणि चेहऱ्यावर जाळी पडते. एका मुलीच्या अरंगेत्रमचा, म्हणजे पहिल्या जाहीर नृत्यप्रयोगाचा, माझा सबंध रोल असा गेला. पाणी तर चार दिवसांआड. वाहत्या पाण्याखाली फिल्म धुवायची चैन नव्हती, म्हणून टाकीत पाणी भरून ती पाच वेळा पालथी-सुलटी करायची, पाणी बदलून दहा वेळा, पुन्हा बदलून वीस वेळा. तेवढ्या पाण्यात फिक्सर, म्हणजे चित्र पक्के करणारे रसायन, निघून जातो. तीस वर्षांनंतरही तुमच्या पट्ट्या पिवळ्या पडल्या नसतील, तर त्या माणसाने धुण्यात कुचराई केलेली नाही.

एक करून पाहा. मोबाइलचा पडदा पूर्ण पांढरा आणि प्रखर करा, त्यावर पट्टी ठेवा आणि भिंगातून चौकटींच्या कडा पाहा. रंगमंचाचा उजेड ज्या प्रेक्षकांच्या मागून आला असेल, त्यांच्या कडा नक्की सापडतील. निगेटिव्हमध्ये उजेड काळा दिसतो आणि माणसाची सावली काचेसारखी आरपार दिसते, एवढे लक्षात ठेवून शोधा.

जुळेसोलापूर :

कृष्णधवल काका, बर्फाच्या परातीबद्दल वाचून माझ्या वडिलांची न्हाणीघरातली डार्करूम आठवली. खिडकीला काळी चादर लावलेली असायची आणि आम्हा भावंडांना तासभर दार वाजवायला बंदी असायची. यापेक्षा अधिक लिहिण्यासारखा अनुभव माझ्याजवळ नाही, पण धागा मनापासून वाचत आहे.

विजापूररोड :

माझा अनुभव अलीकडचा आहे. २०१८ मध्ये मुलीकडे मुंबईला गेले होते, तेव्हा ती मला गिरगावातल्या रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये एका रॉक बँडच्या कार्यक्रमाला घेऊन गेली. १९११ मध्ये पाचव्या जॉर्ज बादशहाच्या हस्ते उद्घाटन झालेले हे नाट्यगृह. बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ तिथे गायले, पृथ्वीराज कपूर यांची नाटके तिथे झाली. पुढे तिथे चित्रपट लागू लागले आणि १९९३ मध्ये ते बंद पडले. मोठ्या दुरुस्तीनंतर २०१६ मध्ये त्याचे दार पुन्हा उघडले. माझे आजोबा संगीत नाटकांचे वेडे होते आणि त्यांच्या तोंडून मी या वास्तूचे नाव लहानपणापासून ऐकत आले होते, त्यामुळे मी रॉक ऐकायला गेले असे म्हणण्यापेक्षा ती वास्तू पाहायला गेले, असे म्हणणे अधिक खरे होईल.

मोठा कॅमेरा आत न्यायला परवानगी नव्हती, म्हणून जे काढले ते मोबाइलवर. पहिली दोन गाणी मी फक्त छताकडे पाहत होते. बासच्या सुरासरशी खुर्चीचा हात माझ्या तळव्याखाली कंप पावत होता आणि वर सोनेरी नक्षीची ती घुमटी स्थिर होती. एका गाण्याच्या शेवटी सगळे दिवे एकदम पांढरे झाले, तेवढ्या दोन सेकंदांत मी मोबाइल वर करून एक फोटो काढला. त्यात खाली बोटभर उंचीचे गायक आहेत आणि उरलेल्या सगळ्या जागेत घुमट, सज्जे आणि बाजूचे कक्ष आहेत. मुलीने विचारले, ‘आई, गायक इतके लहान का?’ मी म्हटले, माझ्या आजोबांना हेच पाहायचे असते.

सातरस्ता, तुमच्या मुलाचा प्रश्न वाचून मला तो फोटो मोठा करून घ्यावा असे तीव्रतेने वाटले.

सातरस्ता :

विजापूररोड ताई, अवश्य करून घ्या, आणि मागच्या बाजूला तारीख लिहा. मी माझ्या एकाही प्रिंटवर तारीख लिहिली नाही, साल लक्षात आहे पण महिना गेला.

शेळगी :

मी या विषयाची दुसरी बाजू लिहीत आहे, कुणी गैरसमज करून घेऊ नये. त्याच सुमारास मी रंगभवनापासून चालत काही मिनिटांच्या अंतरावर एका रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेत होते. कार्यक्रम असेल त्या रात्री ड्रमचा ठोका वॉर्डाच्या खिडक्यांच्या तावदानांवर येत असे. शब्द कळत नसत, सूरही कळत नसे, फक्त ठोका. एका रात्री नुकत्याच बाळंत झालेल्या बाईने माझा हात धरून ‘सिस्टर, हे कधी थांबेल?’ असे विचारले होते आणि माझ्याजवळ उत्तर नव्हते. तिचे बाळ मात्र शांत झोपले होते.

पुढे २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालय, शाळा-महाविद्यालय आणि न्यायालय यांच्याभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र ठरवता येऊ लागले आणि रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावायला बंदी आली. रंगभवनाच्या एका अंगाला महाविद्यालय आणि जवळच रुग्णालये, तेव्हा तिथला रॉक टिकणे शक्यच नव्हते. तो थांबला याचे मला वाईट वाटत नाही. पण त्याच रस्त्याने दिवसा जाताना खांद्यावर गिटार अडकवलेली मुले रांगेत उभी दिसत, त्यांचे चेहरे मला आठवतात, आणि त्यांना बंद छताची, भिंतींनी आवाज अडवणारी जागा वेळेवर मिळायला हवी होती, असे मनापासून वाटते.

सातरस्ता :

शेळगी ताई, तुम्ही लिहिले ते बरे केले. आम्ही आत होतो, तेव्हा भिंतीपलीकडे कोण जागे आहे हा विचार मनात आला नव्हता.

पूर्वभाग :

आमच्या घरात यंत्रमाग होते. आठही माग चालू असले की शेजारच्याशी हाताच्या खुणांनी बोलावे लागे. पुण्यात शिकत असताना मी पहिल्यांदा रॉकच्या कार्यक्रमाला गेलो, तेव्हा सगळ्या मित्रांनी कानांवर हात ठेवले आणि मला मात्र घरी आल्यासारखे वाटले. दोन्ही पायांनी वाजवलेल्या बास ड्रमचा ठोका ऐकताना मागाचा धोटा या टोकाहून त्या टोकाला जाऊन आपटतो आहे, असेच वाटत होते. त्या दिवशी काढलेले माझे सगळे फोटो ड्रमवादकाच्या पायांचे आहेत.

या धाग्यात एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. माझ्या वडिलांना साठीच्या आतच ऐकू येईनासे झाले. कानाच्या डॉक्टरांनी मला समजावले की ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास, ही शिफारस केलेली मर्यादा आहे आणि पुढे दर तीन डेसिबलला तो वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटे. रॉकचा कार्यक्रम दोन-अडीच तासांचा असतो आणि फोटो काढणारा माणूस नेमका स्पीकरच्या भिंतीला खेटून उभा असतो. फोमचे इअरप्लग औषधाच्या दुकानात मिळतात. ते घातल्याने गाणे नाहीसे होत नाही, फक्त त्याचा आवाज कमी होतो. वडिलांना ते वेळेवर कुणी दिले नाहीत. इथे वाचणाऱ्या प्रत्येकाने पुढच्या कार्यक्रमाला जाताना खिशात ठेवावेत.

पार्कचौक :

मी वयाने लहान आहे आणि महाविद्यालयांच्या कार्यक्रमांचे फोटो काढतो. सोलापुरातल्या हुतात्मा स्मृती मंदिरात आमच्या मित्रांच्या बँडचा कार्यक्रम झाला, तेव्हाचा अनुभव लिहितो. ज्या चार हुतात्म्यांच्या स्मृतीचे हे सभागृह, त्या मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी झाली. आमच्या गायकाने पहिले गाणे सुरू करण्याआधी ही चार नावे घेतली आणि सभागृह उभे राहिले. तो क्षण मी समोरून टिपू शकलो नसतो. मी विंगेत उभा होतो, त्यामुळे गायकाची पाठ आणि त्याच्यापलीकडे उभे राहिलेले सगळे सभागृह एका चौकटीत आले.

उरलेल्या वेळात दिव्यांनी फार छळले. एलईडीचा शुद्ध लाल प्रकाश पडला की सेन्सरचा फक्त लाल भाग भरून वाहतो, हिरवा आणि निळा जवळजवळ रिकामे राहतात आणि चेहऱ्याच्या जागी नाक-डोळे नसलेला लाल डाग उरतो. आवाज होऊ नये म्हणून मी कॅमेऱ्याचे शांत (इलेक्ट्रॉनिक) शटर लावले, तर सगळ्या चौकटींवर आडवे पट्टे आले, कारण एलईडी डोळ्यांना दिसणार नाही इतक्या वेगाने लुकलुकत असतात. शेवटी साधे शटर लावले, लाल दिव्यात कॅमेरा खाली ठेवला आणि पांढऱ्या दिव्याची वाट पाहिली. फ्लॅश मी वापरत नाही. तो फार लांब पोहोचत नाही आणि वादकाच्या डोळ्यांपुढे काजवे आणतो.

कृष्णधवल काका, लाल दिव्यातले फोटो कृष्णधवल केले तर निम्मे वाचतात, हे मला अलीकडे कळले.

कृष्णधवल :

पार्कचौक, विंगेतून काढलेली ती चौकट कागदावर छापून घ्या. पडद्यावर ठेवू नका.

सातरस्ता :

काल रात्री जेवणे झाल्यावर मुलाला शेजारी बसवून, मोबाइलच्या पांढऱ्या पडद्यावर पट्ट्या ठेवून आम्ही दोघांनी सगळ्या चौकटी भिंगातून पाहिल्या. काका, तुमचे खरे ठरले. चौथ्या पट्टीत, दिवे समोरून आलेल्या एका चौकटीत, खालच्या कडेने डोक्यांची सबंध रांग आहे, वर केलेले हात आहेत आणि मित्राच्या खांद्यावर बसलेला एक मुलगा आहे. रंगभवनाची भिंत नाही, पण ते भरलेले होते एवढे मुलाला दिसले.

आणखी एक गोष्ट सापडली. पाच-सहा चौकटींच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक अंधूक, गोलसर आकार आहे. तो धुण्यातला डाग असावा, असे समजून मी त्या वेळी प्रिंट काढताना ते कोपरे कापून टाकले होते. मुलाने भिंग सरकवले आणि म्हणाला, ‘बाबा, हा कान आहे.’ त्याच्याखाली सदऱ्याची कॉलरही दिसते. ज्याने खांदा दिला होता, तोच आहे तो.