आईची घरकुलाची फाइल ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नाकारली, अपील कसं करू?

मांजराकाठ:
आईचा घरकुलाचा अर्ज अपात्र ठरला. का, ते नगरपरिषदेत कुणीच सांगेना. मग मी माझ्या नावानं माहिती अधिकारात तिची फाइल, पाहणी अहवाल अन् अपात्रतेचा शेरा मागितला. काल दोन ओळींचं पत्र आलं: ‘वैयक्तिक माहिती असल्याने कलम ८(१)(ञ) अन्वये देता येत नाही.’ खाली शिक्का, बस. अपील कुणाकडं, तेही नाही. आई रोज विचारायली, अजून एक पावसाळा पत्र्याखालीच का? कुणी हे केलंय का?

धाराशिवकर:
पत्र हातात पडल्यापासून ३० दिवसांत प्रथम अपील करा. पाकीट जपून ठेवा, त्यावरच्या शिक्क्यावरून तारीख कळते. अपिलाचा नमुना म्हणजे जोडपत्र ब, त्याला २० रुपयांचं कोर्ट फी तिकीट. देताना पोच घ्याच. नकाराच्या पत्रात कारण, अपिलाची मुदत अन् अपिलीय अधिकारी लिहिणं कलम ७(८) नं बंधनकारक आहे. पहिला मुद्दा हाच घ्या.

जुना आवक-जावक:
अर्ज तुमच्या नावानं गेला, चूक तिथं झाली. कार्यालयासाठी तुम्ही त्रयस्थ. आईच्याच नावानं १० रुपयांचा नवा अर्ज द्या, आधारची झेरॉक्स जोडा. स्वतःची माहिती स्वतःपासून खाजगी कशी राहील? अपीलही सोडू नका, त्याला आईचं संमतीपत्र लावा.

नेटवरचे जुने निवाडे मात्र उतरवू नका. नोव्हेंबर २०२५ पासून (ञ) बदललंय, त्यातलं जनहिताचं वाक्य गेलं. पण जनहित मोठं असेल तर माहिती देता येते, हे कलम ८(२) मध्ये शाबूत आहे. फाइलीत दुसऱ्यांची नावं असतील तर कलम १० प्रमाणे तेवढी झाकून बाकीचं द्या म्हणावं. अन् नकार योग्य होता हे त्यांनीच सिद्ध करायचंय, कलम १९(५).

निकाल ३० दिवसांत, फार तर ४५. नाही पटला तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाचं छत्रपती संभाजीनगर खंडपीठ. तिथं तारीख लागायला वेळ जातो, म्हणून आईचा अर्ज आधी.

मांजराकाठ:
लई उपकार झाले. आईला लिहिता येत नाही, अंगठा चालंल का?

जुना आवक-जावक:
चालतो. बाजूला साक्षीदाराची सही घ्या. ज्याला लिहिता येत नाही त्याचा अर्ज लिहून घ्यायला माहिती अधिकाऱ्यानं मदत करायचीच असते, कलम ६(१). आईला सोबत घेऊनच जा.